चारशे बिड्यांवर कुवेत

पंचफुलाबाईकडे घड्याळ नव्हतं. तासाला शंभर बिड्या हा तिचा हिशेब, आणि तो चुकत नसे. नागपुरात जरीपटक्यामागच्या वस्तीत तीस वर्षं तिने पानं कापली, तंबाखू भरली, दोरा गुंडाळला. नवरा गेल्यावर मुलाला, चंद्रभानला, याच बिड्यांच्या सुपावर वाढवलं. सत्याहत्तर साली तो वेल्डर म्हणून कुवेतला गेला, तेव्हा ती आमच्या बिडी कामगार युनियनच्या खोलीवर आली आणि विचारलं, किती दूर आहे?

मी चौथीत शाळा सोडली, पण नकाशा मला वाचता येतो. दोरा लावून दाखवला. नागपूर ते मुंबई बोटभर दोरा, मुंबई ते कुवेत चार बोटं. पावणेतीन हजार किलोमीटर, विमानाने चार तास.

"म्हणजे चारशे बिड्या," ती म्हणाली. पुढे वस्तीत जो विचारेल त्याला तिने हेच सांगितलं.

दोन वर्षांनी चंद्रभानचं लग्न उमरेडच्या शामलाशी ठरलं. त्याचं पत्र आलं, शनिवारी दुपारी दोनला मुंबईत उतरतो. पंचफुलाबाईने मनातल्या मनात दोरा लावला. चार बोटांना चार तास, तर एका बोटाला एक तास. पत्रिकेत संध्याकाळचे सहा छापले. ती स्वतः उमरेडच्या पुढे कधी गेली नव्हती. ज्यांना मुंबईची गाडी माहीत होती, त्यांना वाटलं, विमानवाला माणूस नागपुरातही विमानानेच उतरणार. अजूनही लोक मलाच बोलतात, तूच सांगितलं म्हणून. मी अंतर सांगितलं होतं. गाडीचं मला कोणी विचारलं नाही.

शनिवारी साडेसहाला नवरदेवाऐवजी त्याची तार आली. रात्रीच्या गाडीने निघतो, उद्या सकाळी पोचतो. उमरेडच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली, तिकडंच एखादी करून बसला असेल. शामलाचा बाप चंपतराव उठला. आठची यष्टी शेवटची, पोरीला घेऊन जातो म्हणाला.

"ठरली वेळ टळली, ईनबाई. आता हे लग्न लाभत नाही."

मी तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं. पंचफुलाबाईने हातानेच मला खाली बसवलं आणि व्याह्याकडे वळली.

"इवाईबुवा, छप्पन साली दीक्षेले तुमी बी होते ना मैदानात?"

"होतो."

"मंग मुहूर्त तिथं टाकला, का गठुड्यात बांधून उमरेडले नेला?"

लोक हसले. चंपतराव हसला नाही. तो लेकीकडे बघत राहिला. शामलाने पंगतीत जागा धरली होती.

"मी जेवून राहिली, बाबा," ती म्हणाली. "तुमी बी बसा."

तो बसला. आठची यष्टी गेली.

सकाळी पाहुणे उठले तेव्हा पंचफुलाबाई लग्नाच्या लुगड्यातच मंडपात सूप घेऊन बिड्या वळत बसली होती. साडेअकराला चंद्रभान रिक्षातून उतरला. तो पाया पडायला वाकला, त्याच्या आत तिने विचारलं, मुंबईहून गाडीत किती वेळ गेला गा? सोळा तास, तो म्हणाला. तिने मान हलवली आणि हात धुतले. बाराला त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले. दुपारच्या यष्टीने उमरेडकर परतले.

दीड महिन्याने चंद्रभान पुन्हा गेला. त्यानंतर कुवेत किती दूर म्हणून कोणी विचारलं, की ती दोन हजार बिड्या सांगायची. त्यातल्या चारशे विमानाच्या, बाकीच्या आपल्याच देशातल्या.