शंभराव्या भागातलं मरण

सेटवर सगळे त्यांना जजसाहेब म्हणत. चौतीस वर्षांत एकोणीस मालिकांमध्ये ते न्यायाधीश झाले होते. उरलेल्यांत बाप, सासरा, फॅमिली डॉक्टर. चार वेळा मेलेही होते, पण चारही वेळा फोनवर. घरातला फोन वाजायचा, सुनेच्या हातातलं भांडं पडायचं, की बाबा गेले. त्या दिवशी बाबांना शूटिंगला बोलावलेलंही नसायचं.

म्हणून भुताच्या मालिकेत आजोबांचं काम आलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मरणार कसा?"

"कॅमेऱ्यासमोर, काका," दिग्दर्शक म्हणाला. "शंभरावा भाग. चांगली तीन पानं. मुलीचा हात हातात. मग भूत होऊन परत यायचं."

ती तीन पानं लेखिकेने खरंच लिहून दिली. जजसाहेबांनी पाठ केली. आंघोळ करताना ते ती म्हणून बघायचे. बायको बाहेरून ओरडायची, "अहो, मरा एकदाचे आणि बाहेर या, पाणी जाईल!"

घोटाळा कामाच्या पद्धतीत होता. एक खोली लावली की तिच्यातले सगळे प्रसंग त्याच दिवशी उरकायचे, मग ते साठाव्या भागातले असोत की एकशे विसाव्या. त्यामुळे जजसाहेब सकाळी जिवंत असत, जेवणानंतर भूत, चहानंतर पुन्हा जिवंत. भुताने पापणी हलवायची नाही. कशाला हात लावायचा नाही. आणि कोणी आपल्याकडे बघत नाही याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. कोणता प्रसंग कधीचा, हे एका बाईंच्या वहीत असे. जजसाहेब दर वेळी त्यांना विचारून घेत.

एका दुपारी बाई दाढ काढायला गेल्या. इस्त्रीचा प्रसंग होता. मालिकेतली मुलगी बापासमोर चहा ठेवते आणि पाठमोरी इस्त्री करत बोलत राहते. भाग अडुसष्ट, म्हणजे बाप जिवंत. जजसाहेब भूत होऊन बसले. चहाला शिवले नाहीत. पापणी हलवली नाही. दिग्दर्शकाला वाटलं, काय दुःख दाखवलंय! त्याने ओके म्हणून टाकलं.

तो भाग लागला. दुसऱ्या दिवशी बायको भाजी घेऊन आली ती पिशवीसकट समोर उभी राहिली.

"तुम्ही म्हणे पहिल्यापासूनच मेलेले आहात."

"कोण म्हणतं?"

"खालच्या मजल्यावरची. तिच्या बहिणीलाही माहीत आहे. मलाच तेवढं सांगितलं नाहीत."

जजसाहेब सेटवर पोचले तर तिथे आनंदीआनंद. प्रेक्षकांनी काढलेला अर्थ वाहिनीला इतका आवडला, की तोच खरा धरायचं ठरलं होतं.

"सर, काय बारीक काम केलंत!" लेखिका म्हणाली. "आजोबा पहिल्या भागापासून भूतच. फक्त मुलीला दिसतात."

"अगं, बाकीचेही माझ्याशी बोलतात. जावई तर भांडला."

"तो स्वतःशी भांडत होता."

"मी त्याच्या थोबाडीत मारली."

लेखिकेने पेनाचं टोपण लावलं. "त्याचं बघू काहीतरी."

"आणि माझी तीन पानं?"

"मेलेला माणूस परत कसा मरेल, सर?"

हे पटण्यासारखं होतं. म्हणूनच जास्त लागलं. ते दिग्दर्शकाकडे गेले आणि सरळ सांगितलं, की ती चूक होती, मी जिवंत आहे हेच माझ्या ध्यानात नव्हतं. दिग्दर्शकाने त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, एवढा मोठेपणा कुठून आणता हो?"

त्या दिवसापासून त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. चौतीस वर्षं काम केलेला माणूस असं विसरेल? की आतून काही उमगलं होतं? लोक पाठ थोपटत आणि ते "हं, हं" करत. पण पानं घडी करून खिशातच ठेवत.

शेवटी दिग्दर्शकालाच दया आली. "एक शॉट देतो. आजोबा खरोखर गेले तो. गोष्ट सुरू होण्याच्या आधीची दुपार. पलंगावर पडलेत. संवाद नाहीत."

"एकही?"

"कोणाशी बोलणार? आणि एक लक्षात ठेवा, आपण गेलो हे त्यांना कळलेलंच नाही. तेव्हा मरायचं नाही."

"मग काय करू?"

"पडून राहा."

"आणि मरण?"

"ते होईल हो, काका. तुम्ही नका मध्ये पडू."

जजसाहेब आडवे झाले. कॅमेरा सुरू झाला. तोंडात पाठ केलेली वाक्यं येत होती, ती त्यांनी गिळली. मग गिळणंही दिसेल असं वाटून ते थांबले. उशीला नव्या कापडाचा वास होता. कान खाजला. जिवंत माणूस खाजवेल, म्हणून खाजवला. हात कुठे ठेवावा ते सुचेना, तेव्हा तो राहिला तिथेच राहू दिला.

"कट," दिग्दर्शक अगदी हळू म्हणाला.

मालिकेतली मुलगी कॅमेऱ्यामागून आली. तिचे डोळे भरले होते. "सर, कसं केलंत हे?"

"काय?"

"गेलात ते. दिसलं ना आम्हाला."

जजसाहेब कोपरावर उठले. "आणखी एकदा घेऊ या. मी आत्ता काहीच केलं नाही."

"नको," दिग्दर्शक म्हणाला. "असं परत होणार नाही."

दिवे काढून पुढच्या खोलीत नेऊ लागले. माणसं त्यांच्यामागे गेली. जजसाहेब पलंगाच्या कडेला बसून राहिले. मग त्यांनी मालिकेतल्या मुलीची बाही धरली.

"खरं सांग. कान खाजवला त्याच्या आधी गेलो, की नंतर?"