सोबतीचा कौल

"बाई, सोबत कोण?" कोल्हापूरच्या स्टँडवर कंडक्टरनं विचारलं आणि माझ्या मागे कोणी उभं आहे का, ते मान वाकडी करून पाहिलं.

"ही पिशवी," मी म्हणाले. त्याला ते पटलं नाही, पण तिकीट त्यानं दिलं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. शुक्रवारी दुपारभर एक काजूचे व्यापारी मालवणचा ट्रंक कॉल मागत होते आणि मालवण काही लागत नव्हतं. ओरडून ओरडून घसा बसला. संध्याकाळी कानावरचा हेडफोन उतरवला आणि मनात आलं, ज्या गावाच्या नावानं आपण दिवसभर शंख करतो, ते गाव आहे तरी कसं? शनिवारची रजा टाकली, पिशवीत दोन पातळं कोंबली आणि पहाटेची एस.टी. धरली. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शाहूपुरीत दोन खोल्यांत मी एकटी राहत होते, एकटीनं फिरायची मला सवय होती आणि तिचा थोडा तोराही होता.

राधानगरीपर्यंत मी शाल गुंडाळून बसले होते. फोंडा घाट उतरता उतरता शाल पिशवीत गेली. खाली सगळी तांबडी माती, काजूच्या बागा, मोहरानं लगडलेली आंब्याची कलमं. कणकवलीनंतर धुळीनं माझं पांढरं पातळ विटकरी झालं. मग माडांच्या मागे एकदम समुद्र दिसला आणि मी शेजारच्या अनोळखी म्हातारीचा हात घट्ट धरला. तिनं धरू दिला.

मालवणात उतरल्यावर खरी गंमत सुरू झाली. पहिल्या लॉजवाल्यानं एकट्या बाईला खोली देत नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं खोलीच नाही म्हटलं, मागच्या भिंतीवर किल्ल्या लटकत असताना. मी काही रडणाऱ्यातली नव्हे. बाजारात उभी राहून चारचौघांना विचारलं, तेव्हा एका फुलवालीनं काशीबाईंच्या खानावळीकडे बोट दाखवलं, तिथं राहायलाही मिळे.

काशीबाई पन्नाशीच्या, विधवा. दारातच त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"सोबतीक कोण आसा?"

"कोणी नाही."

"बरां. मगे जेवाण एकाचाच वाढतंय. पाय धुवा."

जेवणात उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं (दाट, तिखट कालवण) होतं. आम्ही कोल्हापूरचे, तिखटाला घाबरतो थोडेच! मी सपासप जेवू लागले आणि कालवणातली काळसर गोळी कडकन चावली. ते तिरफळ होतं (मिरीएवढं वाळलेलं फळ, वासापुरतं घालतात, खात नाहीत). क्षणभरात जीभ बधिर झाली. बोलायला जावं तर शब्द तोंडातच अडखळू लागले. वाढायला उभी असलेली काशीबाईंची मुलगी सुलू पदराआड हसत सुटली. हसणं आवरल्यावर तिनं गुळाचा खडा आणून दिला.

दिवेलागणीला आम्ही खळ्यात (घरापुढच्या सारवलेल्या अंगणात) बसलो. जीभ ठिकाणावर आली होती, त्यामुळे मी सुटलेच. एकटी कशी राहते, नोकरी कशी करते, रात्रपाळी करून घरी कशी चालत जाते, कोणावाचून माझं कसं काही अडत नाही. सुलू हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "माकाय कोल्हापुराकच जावचा आसा."

तिची कोल्हापूरच्या एका इस्पितळात नर्सच्या शिक्षणासाठी निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. ट्रंक भरून माजघरात तयार होती. पण तिचे थोरले काका, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते एकटी पोर परमुलखात नको म्हणून अडून बसले होते. नवरा गेल्यावर काशीबाईंना याच आबांनी उभं केलेलं, त्यांचा शब्द मोडणं शक्य नव्हतं. शेवटी आबांनीच तोड काढली. रविवारी ग्रामदेवाला कौल लावायचा (पाषाणाला चिकटवलेली कुठली पाकळी आधी पडते, त्यावरून देवाचं म्हणणं ओळखायचं). देव हो म्हणाला तर सुलू जाईल, नाही म्हणाला तर ट्रंक रिकामी होईल.

सकाळी सुलू मला होडीनं सिंधुदुर्ग किल्ला दाखवायला घेऊन गेली. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे खडक दिसत होते. उतरताना मी होडीवाल्यानं पुढे केलेला हात नाकारला, "मी उतरते" म्हटलं आणि गुडघाभर पाण्यात पडले. एक चप्पल लाटेबरोबर निघून गेली. पुढचा सगळा किल्ला मी अनवाणी पाहिला. तटावरून चारी बाजूंना खारं पाणी, आणि मधोमध विहिरीत मात्र गोड! सुलूनं पोहरा ओढला, मी ओंजळीनं प्यायले. माझ्या महाराजांनी इथं उभं राहून हा समुद्र पाहिला असेल, या विचारानं डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

"एका पाकळीवर तू सगळं आयुष्य टाकणार?" परतताना मी सुलूला विचारलं. मला त्या कौलाचा रागच आला होता.

"देवान व्हय म्हटल्यान तर आबा माका स्वता गाडयेर बसयतले," ती म्हणाली. "भांडान गेलंय, तर आवशीक (आईला) हयसर ऱ्हवाक गमाचा नाय." मग तिचा आवाज बारीक झाला. "पण डावो कौल इलो तर काय करू, ताई?"

होडी काठाला लागली, तेव्हा मी तिचा हात धरून उतरले.

देवळात आबा आधीच येऊन बसले होते. उंच, किडकिडीत, डोळ्यांत झोप नसलेला माणूस. मी मनात त्यांना खाष्ट ठरवून टाकलं होतं, पण ते पुन्हा पुन्हा सुलूकडे बघून नजर वळवत होते. गुरवानं देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग तो गाऱ्हाणं (देवापुढचं मागणं) घालू लागला आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे सगळे एका सुरात म्हणू लागले, "व्हय म्हाराजा!"

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडू (मुलगी) एकट्याच परमुलखाक जाता हा..."

"व्हय म्हाराजा!"

"ता तुका मान्य आसात तर उजवो दी!"

सुलूनं डोळे मिटले होते. डावीकडची पाकळी सुटली आणि खाली आली.

आबांनी मान खाली घातली. त्यांना आनंद झाला नव्हता, हे मला स्पष्ट दिसलं. सुलू रडलीही नाही, नुसती पांढरी पडली. तेवढ्यात काशीबाई उठून उभ्या राहिल्या.

"थांबा. देवाक एकट्या चेडवाचा इचारलात. एकट्याक धाडूक माझोय जीव धजना नाय. आता ह्या इचारा." त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाई कोल्हापुरात ऱ्हवतत. चेडू तेंच्या नजरेखाली ऱ्हवतला, सुट्टेक तेंच्या घराक जातला. मगे चलात काय?"

मला कोणी विचारलंच नव्हतं! सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. गुरव म्हणाला, "बाई, तुमका कबूल आसा काय? देवासमोर उगीच सांगू नकात."

माझ्या दोन खोल्या, माझी कुलूपकिल्ली, मनात येईल तेव्हा मालवण गाठायची माझी मोकळीक, सगळं डोळ्यांपुढे आलं. नाही म्हणायला तोंड उघडलं. सुलू माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या अनवाणी पायांकडे बघत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा."

पाकळ्या पुन्हा लावल्या. कौलावर विश्वास नसलेली मी, त्या उजव्या पाकळीकडे डोळे लावून मनात म्हणत होते, पड गं बाई, पड.

ती पडली.

आबांनी डोळे पुसले आणि दुपारी स्वतः ट्रंक खांद्यावर घेऊन स्टँडवर आले. काशीबाईंनी मला सुक्या बांगड्यांची पुडी आणि सुलूच्या जुन्या चपला दिल्या. लेकीला एवढंच म्हणाल्या, "ताईंच्या आमटीत तिरफळां घालू नको गो." मग तोंड फिरवून भराभरा चालत गेल्या.

गाडी सुटली. तोच कालचा कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आला. त्यानं मला ओळखलं असावं, कारण मिशीत हसत त्यानं पुन्हा तेच विचारलं, "काय बाई, आज तरी सोबत कोण?"

मी सुलूकडे बोट करून, ही माझ्या सोबतीनं चाललीय, असं सांगणार होते. तेवढ्यात डोळे पुसत सुलूच म्हणाली,

"मी आसंय. तेंका सोबतीक."

घाट चढेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. इतक्या वर्षांत या प्रश्नाला मी किती तऱ्हांनी उत्तरं दिली होती, आणि ते उत्तर दुसऱ्या कोणी माझ्यासाठी दिलेलं मला एवढं बरं वाटेल, हे ठाऊक नव्हतं. थंडी वाजू लागली तेव्हा पिशवीतली शाल काढली आणि दोघींच्या अंगावर घेतली.