काकांच्या फोटोची तारीख

बोंडअळीने कापूस खाल्ला, त्या वर्षी मी केळापूरकडच्या शेतांचे फोटो काढत असे आणि फाइलला शेतमालकाचं नाव देत असे. पुढे यवतमाळला ते फोटो नावाऐवजी कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेल्या तारखेनुसार लावले. माझ्या काकांच्या शेताचा फोटो त्यांच्या तेरवीनंतरचा निघाला. त्या दिवशी मी शेतात एकटाच गेलो होतो, पण फोटोत कापसात काका उभे होते. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल म्हणून आधीचे-नंतरचे फोटो तपासले. सगळ्यांच्या तारखा बरोबर होत्या.

काकूला फोटो दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "तुले आता दिसले काय? मले तर तवा रोजच दिसत."

तिने फोटोची प्रत मागितली. मी ती तारखेसकट काढून दिली.