सोळा तासांवरचा मुलगा

अमरावतीत आमच्या शेजारी राहणारे काका रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सांगतात. मुलगा तिकडे असतो. "साडेतेरा हजार किलोमीटर! पन सोळा घंट्यांत मानूस पोचते. जग लहान झालं बाप्पा!" हे ते दूधवाल्यालाही दोन्ही हात पंखांसारखे पसरून ऐकवतात.

त्यांची थोरली बहीण अकोल्यापुढे बार्शीटाकळीला, जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर राहते. उन्हाळ्यात पडून तिचा पाय मोडला. भाच्याचा फोन आला तेव्हा मी काकांकडेच होतो. "लय लांब पडते रे. अकोल्याले गाडी बदलावी लागते. पाहू पुढं," म्हणाले आणि फोन ठेवून मला आकाशातलं विमान कुठं चाललंय ते मोबाईलवर दाखवू लागले.

दिवाळीनंतर बहीणच आली. काठी टेकत, एसटीनं, पिशवीभर वांगी घेऊन. मीही चहाला होतो. काकांनी तिलाही सोळा घंटे ऐकवले. तिनं कौतुकानं सगळं ऐकलं आणि भाबडेपणानं विचारलं, "इतकं जवळ हाय, त मंग पोट्टा येत काहून नाही रे?"

काका वांगी ठेवायला आत गेले. तिच्या पायाचं त्यांनी अजून विचारलंच नव्हतं.