मोळी टाकेस्तोवर

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला धाप लागू लागली. फुप्फुसात रक्ताची गाठ असेल म्हणून डॉक्टरांनी नेकनूरहून बीडला सीटी स्कॅनसाठी पाठवलं. ऐन श्वास रोखायच्या वेळी मला खोकला आला, फोटो हलला. थोडं बसा, पुन्हा घेऊ म्हणाले.

बाकावर ऊसतोडीहून परतलेली एक बाई बसली होती. तिचा एक पाय टम्म सुजला होता आणि तिच्याबद्दलही तोच संशय होता. माझं रडवेलं तोंड तिनं बराच वेळ पाहिलं.

“डोक्यावर उसाची मोळी हाय समजा, ताई. फळीवरून ट्रकात चढायचंय. मोळी टाकेस्तोवर दम सोडायचा न्हाई.” बोलताना तिचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले.

मी जन्मात मोळी उचलली नव्हती. तरी आत डोळे मिटून फळी चढले आणि फोटो नीट आला.

मग ती आत गेली. “श्वास सोडा,” टेक्निशियन दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा तो ओरडला. मला बाहेर सगळं ऐकू येत होतं.

ती परत येऊन बाकावर टेकली. मी विचारलं, “सोडला का नाही लवकर?”

“सोड म्हणून आजवर कुणी सांगितलंच न्हाई, ताई.”