मिरवणुकीच्या गाडीतलं पातळ तेल

माझ्या गाडीत कुठलं इंजिन ऑइल घालावं, हे मी सोडून अख्ख्या पुण्याला माहीत आहे. सिग्नलला शेजारी स्कूटर थांबवून लोक सांगतात. पंपावर हवा भरणारा सांगतो. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना स्वतःच्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे दर वेळी ड्रायव्हरला विचारावं लागतं, तेसुद्धा मला लिफ्टमध्ये सांगतात. नारायण पेठेतल्या ज्या दुकानातून मी वीस वर्षं तेल घेते, तिथला काउंटरमागचा माणूस अजूनही म्हणतो, "साहेबांना फोन लावून द्या मॅडम, मी त्यांना समजावतो." अहो, साहेब नाहीत. मी लग्नच केलेलं नाही. गाडी माझी आहे, आणि चिंचवडला इंजिनांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसून एकतीस वर्षं तेलं तपासली, तीही मीच.

गाडी दोन माणसांची, उघड्या टपाची, विलायती, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. कारखान्यातल्या एका साहेबांनी ती भंगारात काढली होती. कसबा पेठेतल्या एका मिस्त्रींनी आणि मी मिळून ती पुन्हा उभी केली. लोकांना तिचा लाल रंग दिसतो. मला दिसतो तो तिचा कॅमशाफ्ट. इंजिनाच्या झडपा उघडणारा हा दांडा. त्याच्यावरचे उंचवटे सतत घासत असतात आणि त्यांना वाचवतं ते फक्त तेल. असा दांडा आता कुठे मिळत नाही. मिस्त्रींनी आणि मी सगळीकडे शोधून झालंय. आहे तो गेला की गाडी कायमची उभी राहिली म्हणून समजा.

म्हणून तिला जाड तेल लागतं. वीस-पन्नास म्हणतात ते, आणि त्यात झीज रोखणारं जस्त भरपूर हवं. आजच्या गाड्यांचं तेल ताकासारखं पातळ असतं आणि त्यांना ते उत्तमच आहे, त्यांच्या इंजिनात कुठे फट म्हणून नसते. शिवाय त्यांचा धूर साफ करणाऱ्या भागाला जस्त सोसत नाही, म्हणून त्यांच्या तेलात ते बेतानंच घालतात. माझ्या गाडीचा सगळा कारभार जुना आणि ऐसपैस. पातळ तेल तिथे टिकत नाही, तापलं की दाब पडतो, आणि दांडा कोरडा घासायला लागतो. यात कसली गहन विद्या नाही. पण महाग तेच चांगलं, हे एकदा डोक्यात बसलं की बसलं.

आता माझ्या भाच्याकडे येते. माझ्या मोठ्या भावाचा हा एकुलता एक मुलगा, हिंजवडीला कंपनीत आहे. हुशार आहे, प्रेमळही आहे. त्याला ड्रायव्हिंग मी शिकवलं, याच गाडीवर. गेल्या मे महिन्यातलं त्याचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाला, "आत्या, नवरदेवाची मिरवणूक तुझ्या गाडीतून. आणि चालवायची तूच." मला आनंद झाला, का नाही होणार? लग्नात आत्याला मान म्हणून साडी मिळते, नारळ मिळतो. स्टिअरिंग कुणाच्या आत्याला मिळतं?

लग्नाच्या आदल्या दिवशी तो गाडी घेऊन गेला. म्हणाला, पॉलिश करतो, सजवून आणतो. मी चारदा बजावलं, "बाहेरून काय नटवायचं ते नटव. आत हात लावायचा नाही." "हो गं आत्या," म्हणाला. सकाळी गाडी दारात आली ती बॉनेटभर फुलांची जाळी आणि पुढे मंडईतून आणलेल्या झेंडूच्या माळा बांधूनच. मी रोज निघण्याआधी पट्टी काढून तेल बघते. त्या दिवशी नाही बघितलं. पैठणी नेसलेली, बॉनेटवर फुलं, आणि सगळे "चला, चला" करत असलेले. चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

मारुतीचं दर्शन घेऊन मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे आम्ही, भाचा फेटा बांधून सीटच्या पाठीवर बसलेला. दहा वाजताचं मे महिन्यातलं ऊन आणि मुंगीचा वेग. त्यात पुढच्या जाळीवर झेंडू, म्हणजे वारा लागण्याचाही प्रश्न मिटला. पंधरा-वीस मिनिटांनी माझं लक्ष तेलाच्या दाबाच्या काट्याकडे गेलं. नेहमी मध्यावर असतो तो अगदी खाली टेकत होता. बँडच्या आवाजातही मला इंजिनातली टकटक ऐकू आली. एकतीस वर्षं हीच टकटक ऐकण्याचा पगार घेतला होता मी.

"तू तेल बदललंस का?" मी विचारलं.

"अगं, सरप्राइज!" तो वरून ओरडला. "सर्वात टॉपचं टाकलंय. फुल सिंथेटिक. तुझं ते ट्रकवालं स्वस्तातलं काढून टाकलं."

तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रकवालं! मी ब्रेक दाबून म्हटलं, "गाडी बंद करावी लागेल. इंजिन जाईल."

"काही होत नाही आत्या. मी सगळं वाचलंय. आणि दुकानवाला म्हणाला, हे कुठल्याही गाडीला चालतं."

एवढ्यात दादा आला, नवरदेवाचा बाप, घामाघूम. "काय झालं? का थांबलीस?" मी पुन्हा सांगितलं, तेल पातळ आहे, दाब पडलाय, आता चालवली तर कॅमशाफ्ट जाईल. तो म्हणाला, "अगं, समोर कार्यालय दिसतंय. पाच मिनिटं. काय बिघडतंय पाच मिनिटांत?" मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आज नको गं तुझा हट्ट. लोक बघतायत."

हट्ट! माझ्या जागी कारखान्यातला एखादा निवृत्त इंजिनिअर बसलेला असता आणि हेच बोलला असता, तर तो सल्ला ठरला असता. दादानं त्याला पाणी आणून दिलं असतं. मी बोलले म्हणून हट्ट.

मी किल्ली फिरवली. इंजिन बंद केलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये टाकली.

मग जे व्हायचं ते झालं. बँडवाले थबकले. नवरदेव उतरून उन्हात कार्यालयापर्यंत चालत गेला. शंभर पावलंही नसतील, पण चेहरा असा केला की जणू मी त्याला काशीला पायी पाठवलं. मुहूर्त चुकला नाही, अक्षता वेळेवर पडल्या. पण जेवणाच्या पंगतीत जो तो मला समजावून जात होता. "जुनी गाडी म्हटल्यावर बंद पडायचीच हो." मी प्रत्येकाला सांगितलं, बंद पडली नाही, मी बंद केली. त्यावर लोक समजूतदारपणे हसायचे आणि जिलबी वाढून घ्यायचे. वहिनीनं मानाची साडी माझ्या हातात दिली ती माझ्याकडे न बघता. मला रडू आलं, खरं सांगते. आणि रडू आल्याचा जास्त राग आला.

गाडी दुसऱ्या दिवशी दोरी बांधून कसबा पेठेत नेली. आठवड्यानं मिस्त्रींचा निरोप आला की आज इंजिनाचं झाकण उघडतो, या. मी पोचले तर भाचा आधीच येऊन बसला होता. बहुधा बायकोनं पाठवला असावा. ती मुलगी मला सुरुवातीपासून शहाणी वाटते. मी त्याच्याशी बोलले नाही. माझे डोळे मिस्त्रींच्या हाताकडे होते.

मिस्त्रींनी झाकण काढलं, फडक्यानं दांडा पुसला, बॅटरीच्या उजेडात एकेका उंचवट्यावरून बोट फिरवलं. किती वेळ लावला, देव जाणे. शेवटी म्हणाले, "ताई, ओरखडे आलेत. पण झिजला नाही. वाचला." मी तिथल्या तिथे टायरवर बसले.

मग ते भाच्याला म्हणाले, "तेल पातळ पडलं. दाब राहिला नाही. आणखी पाच मिनिटं चालली असती तर दांडा गेलाच होता."

भाच्यानं डोळे विस्फारले. "बाप रे! असं असतं होय? बरं झालं काका, तुम्ही सांगितलंत. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही."

पिकतं तिथं विकत नाही हे ठाऊक होतं मला, पण इतकं? शब्द न् शब्द तोच होता. भर रस्त्यात, बँडच्या समोर, तीनदा सांगितलेला. मिस्त्रींच्या तोंडून आला तेव्हा ते ज्ञान झालं.

मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाले, "अरे, मला काय श्रेय देतोस? जस्त म्हणजे काय आणि दाब का पडतो, हे मला तुझ्या आत्यानंच शिकवलंय. तोवर मी मिळेल ते ओतायचो."

भाचा हसला. मान डोलावली. आणि पुन्हा मिस्त्रींकडेच वळून म्हणाला, "तर मग काका, नक्की कुठलं तेल घालायचं आता?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला निघून गेले. आम्ही दोघंच राहिलो. तो इंजिनात डोकावल्यासारखं करायला लागला. मग म्हणाला, "सॉरी आत्या. गाडीचं नुकसान झालं असतं."

"गाडीचं राहू दे," मी म्हटलं. "गाडीला काही झालेलं नाही. माझी माफी माग."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत असतं, हे तुझ्या डोक्यातच आलं नाही. सगळ्यांना विचारलंस. इंटरनेटला विचारलंस, दुकानदाराला विचारलंस. आत्ता माझ्यासमोर मिस्त्रींना विचारलंस. त्याची माफी."

त्याचे कान लाल झाले. खाली, उघड्या इंजिनाकडे बघत तो पुटपुटला, "सॉरी."

मी म्हटलं, "गाडीकडे नाही. माझ्याकडे बघून म्हण."