हरिबाच्या लिंबाखालचा मुक्काम

माघात नातेपुत्याकडची मंडळी चिंचलीच्या मायाक्कादेवीला अनवाणी चालत निघतात. वाटेत आमच्या गावात त्यांचा एक मुक्काम असतो, तो हरिबा धनगराच्या लिंबाखाली. जागा झाडायची, रांजण भरायचे, चुलीचे दगड मांडायचे, दमलेल्या पायांसाठी पाणी तापवायचं, सगळं हरिबा करतो. त्याला कुणी नेमलेलं नाही. पण दुसऱ्या कुणी त्या खराट्याला हात लावला तर त्याचं डोकं फिरतं.

यंदा त्याचा चुलतभाऊ शहाजी सोलापुरातली नोकरी संपवून गावी आला आणि त्यानं रस्त्यापलीकडं आपल्या रानात पत्र्याची शेड उभी केली. आत फरशी, नळ, नव्याकोऱ्या सतरंज्या. वर फलक : पायी भक्तांसाठी विसावा. हरिबा तो फलक वाचून आला आणि त्या दिवशी जेवलाच नाही. भावकीतल्या माणसानं चांगलं काम काढलं की पोटात जरा जास्तच दुखतं, आमच्या गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

“इतकी वर्सं काटं येचलं मी,” तो बायकोला म्हणाला, “आन् आता लोक तितं जाणार व्हय?”

“जाऊ द्या की,” चंद्रव्वा म्हणाली. “थोडी तितं, थोडी हितं.”

“थोडी कशापायी? समदी हितंच बसली पायजेत!”

त्या फरशीपेक्षा आपली जागा साफ दिसली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. मग त्याला धनगरालाच सुचावी अशी युक्ती सुचली. मंडळी यायच्या आदल्या दिवशी त्यानं लिंबाभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं आत बसवली. मेंढरांनी गवताची काडी ठेवली नाही. सकाळी लेंड्या झाडल्यावर जागा सारवलेल्या अंगणासारखी दिसायला लागली. हरिबानं मुद्दाम रस्त्यावर जाऊन ती लांबून बघितली, मग शेडकडं बघितलं, आणि मिशीत हसला.

पण ती मेंढरं पडीक रानातून चरून आली होती. लोकरीत आणि खुरांत अडकलेले सराटे, म्हणजे काटेरी बोंडं, तिथंच गळले आणि तुडवले जाऊन मातीत दबले. ते खराट्याला लागले नाहीत. हरिबाच्या पायांत जाड वहाणा, त्याला काय कळणार!

संध्याकाळी मंडळी आली. पुढं म्हातारी गंगम्मा. सवयीनं सगळे लिंबाकडं वळले, तशी हरिबाची छाती फुगली. दुसऱ्याच क्षणी गंगम्मा “आयं गं!” करून मटकन खाली बसली आणि बसल्या जागीही ओरडली. पाठोपाठ सगळेच एका पायावर नाचायला लागले.

“अगं बाई, सराटंच सराटं! चला त्या शेडात,” कुणीतरी म्हणालं.

हरिबाचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात शहाजी सतरंज्यांची चवड खांद्यावर घेऊन आला. “कुटं निघाला, मावशी? मुक्काम दादाकडंच असतुय की,” म्हणत त्यानं भराभरा लिंबाखाली सतरंज्या अंथरल्या. मंडळी टेकली, पायातले काटे काढायला लागली.

“हरिबा, भाऊ लई गुणाचा हाय रं तुजा,” गंगम्मा म्हणाली. “बस की तूबी.”

मुक्काम लिंबाखालीच राहिला होता, पण हरिबाच्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. तो सतरंजी सोडून पलीकडं मातीत बसला. खाली सराटा रुतला. तो हूं का चूं न करता तसाच बसून राहिला.

शहाजीनं ते बघितलं. तो उठला आणि त्याच्याशेजारी मातीतच येऊन बसला. हेही यालाच सुचावं, म्हणून हरिबा आणखीच जळला.